सर्व हक्क स्वाधीन

बेंगळुरू शहरात कब्बन उद्यानाच्या कडेला तांबड्या रंगाची एक दुमजली, लांबलचक इमारत उभी आहे. तिचे जुने नाव ‘अठारा कचेरी’. म्हैसूरचा कारभार इंग्रज कमिशनरांच्या हाती असताना राज्याची अठरा खाती एका छपराखाली आणावीत म्हणून ती बांधण्यात आली आणि १८६८ मध्ये पुरी झाली. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय भरते. जमिनीचे बांध, वारसांचे तंटे आणि मोडलेले करार यांच्या नेहमीच्या गर्दीत, या शतकाच्या आरंभी, उडुपीच्या जिल्हा न्यायालयातून एक निराळाच वाद अपिलाच्या वाटेने तेथे येऊन पोहोचला. तो वाद नाचाचा होता. कानडी किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या शेतातल्या मोकळ्या जागी, उघड्या आभाळाखाली, रात्रभर रंगणाऱ्या यक्षगानाच्या एखाद्या रूपाला मालक असू शकतो काय? आणि असलाच, तर घर अथवा शेत द्यावे तशी ही मालकी त्याला मृत्युपत्राने दुसऱ्याच्या नावे करून देता येते काय? या प्रश्नांच्या मुळाशी एकच शब्द होता, तो म्हणजे कॉपीराइट.

हा शब्द आज खेड्यापाड्यांतील माणसाच्याही तोंडी आहे. मात्र तो उच्चारणाऱ्याच्या मनात जो अर्थ असतो आणि कायद्याच्या पुस्तकात जो अर्थ असतो, त्या दोहोंत बरेच अंतर आहे. हे अंतर कसे पडले, याचा शोध मोठा उद्बोधक ठरतो.

शब्द मूळचा इंग्लंडच्या छापखान्यांतला. खिळे जुळवणाऱ्यापुढे जे हस्तलिखित ठेवले जाई त्याला लंडनचे पुस्तकविक्रेते ‘कॉपी’ म्हणत, आणि ते छापण्याचा अधिकार तो कॉपीराइट. प्रारंभी हा अधिकार व्यापाऱ्यांच्या संघाचा होता. १७१० साली अॅन राणीच्या कारकिर्दीत जो कायदा अमलात आला त्याने तो प्रथम ग्रंथकर्त्याचा मानला, पण त्याच वेळी त्याला मुदतही घातली. नव्या पुस्तकास चौदा वर्षे, आणि ती संपताना ग्रंथकर्ता हयात असल्यास आणखी चौदा. म्हणजे लेखकाला अधिकार मिळाला आणि त्या अधिकाराला अंत मिळाला, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्याने घडल्या. शब्दाच्या अर्थात हा अंत जन्मापासूनच गृहीत आहे.

मराठीत मात्र शब्द आला तो अंत मागे ठेवून. आपल्याकडे त्याचे भाषांतर ‘स्वामित्वहक्क’ असे रूढ झाले. अलीकडे ‘प्रताधिकार’ असाही एक सुटसुटीत शब्द वापरात आला आहे, आणि तो मूळ अर्थाच्या अधिक जवळचा आहे. प्रत काढण्याचा अधिकार तो प्रताधिकार. परंतु लोकांच्या कानाला गोड लागतो तो स्वामित्वहक्कच, कारण ‘स्वामी’ आणि ‘हक्क’ हे दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे. पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, देशमुखाचा हक्क आणि मानपान यांची वर्णने मराठ्यांच्या जुन्या कागदपत्रांत पानोपानी सापडतात. तो हक्क वतनाचा असे. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे तो अखंड चालावा अशी त्यामागची कल्पना असे आणि त्यासाठी माणसे पिढ्यान् पिढ्या भांडत. कॉपीराइट या परक्या शब्दाला मराठी मनाने वतनाचा जुना अंगरखा चढविला, असे म्हटल्यास चूक होणार नाही. कानडी भाषेनेही जवळजवळ हेच केले. तिकडे कॉपीराइटला ‘हक्कुस्वाम्य’ म्हणतात. आपल्या शब्दाचीच दोन अंगे तेथे उलटी जोडलेली आहेत. बेंगळुरूच्या दुकानातून एखादे कानडी पुस्तक उघडून पाहणाऱ्या मराठी वाचकाला त्या पानावरची लिपी वाचता आली, तर हा शब्द त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

बोलण्यातला उपयोग तर याहून मोकळा. ‘अमक्याने गाण्याचा कॉपीराइट घेतला’ असे आपण म्हणतो, जणू काही तो एखाद्या कचेरीत रांग लावून घ्यावयाचा परवाना आहे. ‘देशभक्तीचा कॉपीराइट काय तुमच्याकडेच आहे?’ असे सभेत विचारले जाते. तेथे अभिप्रेत असतो तो जुना ‘मक्ता’. एखाद्या पाककृतीला, घोषवाक्याला, नावाला, कल्पनेला कॉपीराइट असतो असेही सर्रास समजले जाते. शाळकरी मुलाच्या लेखी तर ‘कॉपी’ म्हणजे परीक्षेतली लबाडी. तिच्यापुढे ‘राइट’ लागून तिचा हक्क कसा बनतो, हे त्याला कोडेच वाटावे. गंमत अशी की प्रत काढण्याच्या यंत्राला एका कंपनीचे नाव चिकटून ‘झेरॉक्स’ हा शब्द आपण पूर्ण घरचा करून टाकला. प्रत काढणे घरचे झाले, प्रत काढण्याचा अधिकार मात्र परकाच राहिला.

ज्या काळी छापखाना नव्हता त्या काळी असा अधिकार कोणाला सुचणेही कठीण होते. त्याचे उदाहरण याच बेंगळुरूत सापडते. १६३८ साली विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे या प्रदेशात आले, बेंगळूर जिंकले गेले आणि पुढे ते त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. तेथील त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. बारा भाषांत कविता करण्याची त्याची ख्याती होती. दरबारातील मंडळींनी एकेक समस्या घालावी, जयरामाने ती तत्काळ पुरी करावी, अशा प्रसंगांची वर्णने त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहेत. आता समस्या एकाची, पूर्ती दुसऱ्याची आणि देणगी तिसऱ्याची. मग काव्य कोणाचे? हा प्रश्न त्या दरबारात कोणाच्या मनात आला नसेल. कवीला मिळावयाचा तो मान आणि ते वस्त्र त्याला तेथल्या तेथे मिळाले. पुढे जो कोणी ती पोथी उतरून घेईल तो कवीचे काही हिरावून घेत नव्हता, उलट त्याला जगवीत होता. पोथीच्या शेवटी लेखनिक नम्रपणे सांगतो की समोर जसे दिसले तसे लिहिले आहे, दोष मला देऊ नये; तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून या पोथीचे रक्षण करावे. चोरापासून रक्षण करा असे तो सांगत असला तरी त्याच्या मनातला चोर पोथी नेणारा असतो, मजकूर नेणारा नव्हे. जयरामाचा चंपू जगला तो असाच उतरविला जाऊन. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ साली, म्हणजे रचनेनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, आपल्या प्रदीर्घ प्रस्तावनेसह छापला.

याचा अर्थ जुन्या काळी ‘माझे’ आणि ‘तुझे’ यांचा विवेक नव्हता असा नव्हे. अभंगाच्या शेवटी संत आपले नाव घालीत. कन्नड वचनकारांची प्रत्येकाची आपापली ‘अंकित’मुद्रा असे, बसवेश्वरांची मुद्रा कूडलसंगमदेव ही होय. ही नाममुद्रा काढणे किंवा आपले पद दुसऱ्याच्या नावावर खपविणे हा अपराध समजला जाई. पण तो अपराध नावाविषयीचा होता. आज ज्याला आपण वाङ्मयचौर्य म्हणतो तो नावाचा अपराध, आणि ज्याला कॉपीराइटचा भंग म्हणतो तो प्रतीचा. एखाद्याने संपूर्ण कादंबरी मूळ लेखकाच्या नावासह प्रामाणिकपणे छापून विकली तर तेथे चौर्य नाही, पण भंग आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या एखाद्या कवीची कविता आपल्या नावावर छापली तर तेथे भंग नाही, पण चौर्य आहे. बोलताना आपण हे दोन्ही एकाच शब्दात कोंबतो. नावाची जुनी कदर कायद्यानेही मग वेगळी ओळखली. १९५७ च्या भारतीय कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमानुसार, सर्व हक्क विकून टाकल्यानंतरसुद्धा ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार उरतोच.

छापखान्यांबरोबर कायदा आला. कंपनी सरकारने १८४७ साली विसावा आक्ट करून ग्रंथकर्त्यास हयातभर आणि मृत्यूनंतर सात वर्षे, किंवा प्रसिद्धीपासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जी मुदत लांब ती दिली. परंतु फिर्याद करावयाची तर आधी ग्रंथाची सरकारी नोंदवहीत नोंद हवी. मग १८६७ चा पंचविसावा आक्ट आला. छापखान्यांवर आणि पुस्तकांवर सरकारची नजर राहावी हा त्याचा खरा हेतू. पण त्यात एक सोय होती. पुस्तकाची जी सूची सरकार तयार करी तिच्या कचेरीत दोन रुपये भरले की ती नोंद कॉपीराइटच्या नोंदवहीतली नोंद म्हणून धरली जाई. गेल्या शतकापूर्वीची मराठी पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत त्यांना पहिल्या पानामागचा तो ठरावीक मजकूर आठवेल. सन १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे हे पुस्तक नोंदून सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपल्याकडे ठेविले आहेत, अशा आशयाचा. नाटक असो, पंचांग असो की पाकशास्त्र असो, ही ओळ आहेच. तिचेच संक्षिप्त रूप म्हणजे ‘सर्व हक्क स्वाधीन’.

येथेच आपल्या बोलण्यातील ‘कॉपीराइट घेतला’ या वाक्प्रयोगाचा उगम दिसतो. त्या काळी तो खरोखरच घ्यावा लागे, दोन रुपये मोजून. इंग्लंडच्या १९११ च्या कायद्यावर बेतलेला हिंदुस्थानचा कायदा १९१४ साली आला आणि नोंदणीची अट गेली. आज तर लेखणी कागदावरून उचलली त्या क्षणी हक्क जन्मास येतो. नोंदणी केल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढेच. कायदा बदलून शंभराहून अधिक वर्षे झाली, भाषेने मात्र ते दोन रुपये अजून जपून ठेवले आहेत. १८६७ चा तो आक्टही चिवट निघाला. २०२३ साली नवा कायदा होऊन तो रद्द ठरला आणि मार्च २०२४ पासून इतिहासजमा झाला.

१९१४ च्या कायद्यात एक विशेष कलम होते, त्याची आठवण आता फारशी कोणाला नसते. मूळ ग्रंथाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे. पण भाषांतराचा एकाधिकार मात्र प्रसिद्धीपासून दहाच वर्षे. त्या मुदतीत लेखकाने स्वतः भाषांतर केले वा करविले नाही तर ते कोणीही करावे. अनेक भाषांच्या या देशात ते कलम शहाणपणाचे होते. मराठी आणि कानडी यांच्यामधले दार त्या काळी तसेही उघडेच असे. हावेरीकडील वेंकटेश तिरको कुलकर्णी, म्हणजे कानडी वाचकांचे गळगनाथ, यांनी हरी नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कानडीत नेल्या आणि त्यांवर तिकडे वाचकांची एक पिढी वाढली.

नाटकाच्या बाबतीत तर देणे-घेणे याहून जुने. १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना असेच काही मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. कर्कीच्या मंडळींची कला यक्षगानाच्याच कुळातली. म्हणजे मराठी रंगभूमीच्या जन्मपत्रिकेत यक्षगानाचे ऋण लिहिलेले आहे. परवानगीचा कागद कोणी मागितला नाही आणि कोणी दिलाही नाही. पुढे संगीत नाटके आली, तेव्हा पदाच्या माथ्यावर ‘चाल’ छापण्याची पद्धत पडली. अमुक पद तमक्याच्या चालीवर म्हणावे. त्यात कानडी चाली होत्या, लावण्या होत्या, पारशी नाटकांतल्या चाली होत्या. मोबदला नाही, पण उल्लेख आहे. ऋण मान्य करण्याची ही रीत कायद्याच्या कोणत्याही कलमात बसत नाही, आणि तिच्यात एक प्रकारचा खानदानीपणा होता.

या पार्श्वभूमीवर उडुपीचा तो वाद पाहिला पाहिजे. कोटा शिवराम कारंत हे नाव कानडी साहित्यात पर्वतासारखे आहे. १९०२ साली जन्मलेल्या या माणसाने कादंबऱ्या लिहिल्या, मुलांसाठी ज्ञानकोश रचले, ‘मूकज्जिय कनसुगळु’ या कादंबरीसाठी ज्ञानपीठ पुरस्कार मिळविला. यक्षगान हा त्यांचा जन्मभराचा ध्यास. ‘यक्षगान बयलाट’ या त्यांच्या ग्रंथाला १९५९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘बयलु’ म्हणजे मोकळे मैदान आणि ‘आट’ म्हणजे खेळ. कोकणातील दशावतार ज्यांनी पाहिला आहे त्यांना या खेळाची कल्पना येईल. भागवत गातो, चेंडे आणि मद्दळे वाजतात, मोठ्या मुकुटांची पात्रे नाचतात आणि मधून मधून आयत्या वेळी सुचेल तसे बोलतात. कारंतांनी या रात्रभराच्या खेळातून दोन-तीन तासांचे एक नवे रूप घडविले. बोलणे जवळजवळ काढून टाकले, नृत्य आणि संगीत पुढे आणले, वेशभूषेचा अभ्यास करून ती सुधारली, व्हायोलिन आणि सॅक्सोफोनही त्यात आणले. या रूपाला त्यांनी ‘यक्षरंग’ असे नाव दिले. जुन्या चालीच्या रसिकांना ते सर्वस्वी रुचले असे नाही. पण ते कारंतांचे होते, हे कोणी नाकारले नाही.

मणिपालची अॅकॅडमी ऑफ जनरल एज्युकेशन ही शिक्षणसंस्था उडुपीत यक्षगानाचे केंद्र चालवीत होती आणि कारंत त्याचे मार्गदर्शक होते. १९९४ च्या जून महिन्यात त्यांनी मृत्युपत्र केले आणि आपल्या लेखनात अनेक वर्षे साहाय्य करणाऱ्या एका बाईंच्या नावे आपल्या ग्रंथांचे हक्क लिहून दिले. ९ डिसेंबर १९९७ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी कारंत वारले. सप्टेंबर २००१ मध्ये केंद्राच्या कलावंतांनी दिल्लीत ‘अभिमन्युवध’ सादर केला. आपली परवानगी घेतली नाही, असे म्हणून बाईंनी फिर्याद लावली. कारंतांनी रचलेल्या ‘भीष्मविजय’, ‘नलदमयंती’, ‘पंचवटी’ आदी सात प्रसंगांचा हक्क आपला आहे, हे त्यांचे म्हणणे. संस्थेचे म्हणणे असे की यक्षगान ही परंपरेची कला, त्यात कारंतांचे एकट्याचे काय आहे? शिवाय ते आमच्या केंद्राचे संचालक होते; त्यांनी केले ते केंद्राच्या पैशाने आणि केंद्राच्या कलावंतांकडून.

दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच हा वाद साधा नव्हता. संस्थेचे म्हणणे पूर्णपणे मान्य केले तर परंपरेत काम करणाऱ्या कोणत्याही कलावंताला आपल्या प्रतिभेचे काहीच राखता येणार नाही. नवे ते सारे परंपरेच्या महासागरात एक थेंब म्हणून विरून जाईल. उलट फिर्यादीचा दावा सैल हाताने मान्य केला तर उद्या किनाऱ्यावरच्या एखाद्या खेड्यातील मेळ्याला अभिमन्यू नाचविण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल. वतनाच्या अर्थाने स्वामित्व म्हटले की हे दुसरे भय खरे ठरते.

उडुपीच्या न्यायालयाने निकाल बाईंच्या बाजूने दिला. बेंगळुरूच्या उच्च न्यायालयानेही त्यांचा हक्क मान्य केला. प्रकरण दिल्लीस गेले आणि २३ जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला त्यात रेघ फार काळजीपूर्वक ओढलेली दिसते. कारंतांनी घडविलेल्या नृत्यरूपाचा हक्क मृत्युपत्रान्वये बाईंचाच, हे न्यायालयाने कायम केले. पण तो हक्क त्या विशिष्ट रूपापुरता. तेच प्रसंग अन्य रीतीने करण्यास कोणालाही आडकाठी नाही. कारंतांच्या रीतीनेच करावयाचे असतील तर पूर्वपरवानगी हवी. मात्र कायद्याच्या बावन्नाव्या कलमात ज्या सवलती आहेत, म्हणजे शिक्षणसंस्थेत शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपल्याच मंडळींपुढे केलेला प्रयोग, अथवा हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेला प्रयोग, त्यांना मनाई लागू नाही.

अभिमन्यू कोणाचाच नाही. अभिमन्यूची एक विशिष्ट चाल, वेश आणि रचना मात्र एका माणसाची असू शकते, आणि तीही काही काळ. कायद्याने हा भेद त्याआधीच एकदा स्पष्ट केला होता. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाच्या लेखकाने ‘न्यू दिल्ली’ या १९५६ च्या चित्रपटाविरुद्ध केलेल्या दाव्यात, कल्पनेला स्वामित्व नसते, ती मांडण्याच्या रीतीला असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितले. लोकांच्या बोलण्यातला कॉपीराइट कल्पनेला चिकटतो, कायद्यातला रचनेला.

आणि मुदत? आपल्या १९५७ च्या कायद्याने ती लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे ठेवली होती. रवींद्रनाथ ठाकूर ऑगस्ट १९४१ मध्ये गेले. वर्षाखेरीपासून मोजता त्यांच्या वाङ्मयाची मुदत १९९१ च्या अखेरीस संपणार होती. विश्वभारतीला त्याची काळजी वाटली, आणि काही दिवस उरले असताना वटहुकूम निघाला. पुढच्या वर्षी कायदा होऊन पन्नासाची साठ वर्षे झाली. रवींद्रनाथांसाठी वाढविलेली ही दहा वर्षे मग देशातल्या ज्या ज्या लेखकाची मुदत तेव्हा चालू होती त्या सर्वांना मिळाली, मागितली नसतानाही. गांधीजींच्या वाङ्मयाचे हक्क नवजीवन संस्थेकडे होते. त्यांची साठ वर्षे २००८ च्या अखेरीस संपली तेव्हा संस्थेने वाढीव मुदतीची खटपट केली नाही. ज्या ‘हिंद स्वराज’च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखलेले नाहीत अशी नोंद छापली होती, त्या ग्रंथाच्या कर्त्याला ते शोभणारेच होते. साने गुरुजींची साठ वर्षे २०१० बरोबर सरली आणि ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांच्या हाती गेली. राजवाड्यांचा मामला मात्र पन्नासातच निकालात निघाला होता. ते ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले, म्हणून १९७६ संपताच त्यांचे ग्रंथ मोकळे झाले. एक दिवस अधिक जगते तर आणखी एक वर्ष अडकून पडले असते. काळाच्या गणिताने जन्मभर झपाटलेल्या त्या इतिहासकाराला हा हिशेब आवडला असता.

बेंगळुरूनेच या शब्दाची दुसरी बाजूही दाखविली आहे. तेथील भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा उपक्रम सुरू झाला आणि देशभरच्या ग्रंथालयांतील लक्षावधी पुस्तकांची पाने यंत्राने टिपून घेण्यात आली. त्यांत मराठी पुस्तके विपुल होती. दुर्मिळ जुनी पुस्तके शोधणाऱ्या कित्येकांना ती प्रथम तेथेच भेटली. पण मुदत संपलेली आणि न संपलेली पुस्तके त्या ढिगात मिसळून गेली होती. हक्कांचे आक्षेप आले आणि २०१७ च्या सुमारास ते दालन बंद झाले. बाहेरच्या संस्थांनी आधीच उतरून ठेवलेल्या लाखो पुस्तकांच्या प्रती मात्र वाचकांना आजही मिळतात. जयरामाच्या पोथीप्रमाणे याही ग्रंथांना उतरून घेणाऱ्याचाच आधार झाला. फरक इतकाच की या वेळी उतरून घेणे पुण्य की पाप हे आधी पंचांग पाहून ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट निरंजन यांची. कय्यूरच्या शेतकऱ्यांच्या उठावावर ‘चिरस्मरणे’ ही कादंबरी लिहिणारे हे कानडी कादंबरीकार आता हयात नाहीत. त्यांच्या वाङ्मयाची मुदत अजून संपलेली नाही. परंतु त्यांच्या कन्येने २०१४ साली त्यांची पंचावन्न पुस्तके, मूळ लेखकाचे नाव राखून कोणीही छापावीत, वाटावीत, अशा मुक्त परवान्याने लोकांना देऊन टाकली. येथेही स्वामित्वच वापरले गेले. हक्क हाती नसता तर तो सोडताही आला नसता.

आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एका राष्ट्रीय पक्षाच्या पदयात्रेच्या चित्रफितीत ‘केजीएफ’ या कानडी चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचे संगीत वाजले. बेंगळुरूच्या एका संगीत कंपनीने दावा लावला. शहरातील न्यायालयाने पक्षाची समाजमाध्यमांवरील दोन खातीच रोखण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी अठारा कचेरीतल्या उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला; वादग्रस्त संगीत तेवढे काढून टाकावे, अशी अट घातली. काही सेकंदांच्या संगीतासाठी सारे बोलणे बंद करता येत नाही, ही गोष्ट त्या दोन दिवसांत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेली आणि ‘कॉपीराइट’ हा शब्द त्यानिमित्ताने चहाच्या टपऱ्यांवर पुन्हा घोळला.

असो. कारंतांचे मेळे आजही उभे राहतात. त्यांच्या सात प्रसंगांवरील हक्काची मुदत ३१ डिसेंबर २०५७ रोजी संपेल. यक्षगानाचे फड डिसेंबरापासून उन्हाळ्यापर्यंत हिंडत असतात. तेव्हा १ जानेवारी २०५८ च्या रात्री किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी मैदानात खेळ चालू असेलच, आणि त्यात कारंतांचा अभिमन्यू कारंतांच्याच चालीने नाचविण्यास कोणाची परवानगी लागणार नाही.